एका रोपावर जीव

पावसाळा लागला की परसात भोपळ्याचा वेल वर चढू लागतो. दोन-चार पाने हाताएवढी होतात न होतात, तोच त्यांना चाळणीसारखी भोके पडतात. सकाळी उन्हात पान उलटून पाहावे, तर नारिंगी-तांबड्या रंगाचे, भाताच्या दाण्याएवढे भुंगेरे निवांत न्याहारी करताना दिसतात. जुन्या बायका चुलीतली राख पानांवर भुरभुरत. हल्ली राख मिळत नाही, म्हणून औषध फवारतात. भुंगेरा मात्र दोन्ही काळांत टिकून आहे. त्याला भोपळा चालतो, काकडी चालते, दुधी, दोडका, खरबूजही चालते. कारल्याला तेवढे तो सहसा तोंड लावत नाही. त्या बाबतीत त्याची आवड आपल्या मुलांसारखीच!

कीटकांच्या दुनियेत हे भुंगेरे पर्णभुंगेऱ्यांच्या घराण्यातले आहेत. घराणे अवाढव्य आहे. जगभरात त्याच्या ३५ हजारांहून अधिक जाती माहीत झाल्या आहेत. बहुतेकांचा धंदा एकच, पाने खाणे. पण प्रत्येकाचे ताट वेगळे. कुणी एका कुळातली सगळी झाडे खातो, तर कुणी आयुष्यभर एकाच रोपाला चिकटून राहतो. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, तो या दुसऱ्या प्रकारातला. तो आपल्याकडे सापडत नाही, पण त्याच्या घरावर आलेल्या एका संकटाची मुळे थेट आपल्या हिमालयात आहेत. म्हणून ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही.

नदीकाठचा पाचू

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क नावाचे जुने शहर आहे. रोमन लोकांनी वसवलेले, दगडी तटबंदीचे. शहराच्या मधून ऊझ नदी वाहते. शहराबाहेर पडले की नदीच्या दोन्ही काठांना कुरणे, शेते आणि गुरे चरणारी गवताळ राने लागतात. मे महिन्याच्या एखाद्या उबदार सकाळी या काठाने चालत गेले, तर गडद हिरव्या, कातरलेल्या पानांची कमरेएवढी रोपे दिसतात आणि त्यांच्या शेंड्यांवर कुणीतरी पाचूचे खडे ठेवून विसरून गेल्यासारखे वाटते. जवळ जावे, तर ते खडे हलतात!

हाच तो टॅन्सी भुंगेरा. शास्त्रीय नाव क्रायसोलिना ग्रॅमिनिस. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, पाठ घुमटासारखी, रंग झळझळीत हिरवा आणि ऊन पडले की त्यावर तांब्याची झाक. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्या हौशी बायका याच्या पाठीची कवचे टिकल्यांसारखी कपड्यांवर शिवत, असे सांगतात.

ज्या रोपावर हा बसतो, ते रोप म्हणजे टॅन्सी. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातले. फुले पिवळीधमक, पण त्यांना भोवतालच्या पाकळ्या नसतात. मधला गोल गड्डाच तेवढा असतो, त्यामुळे झुपक्याने लागलेली ती फुले सदऱ्याच्या पिवळ्या गुंड्यांसारखी दिसतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. चव कडू, आणि त्यात काही विषारी द्रव्येही असतात. जुन्या काळी युरोपात किडे-माश्या दूर ठेवण्यासाठी घरात टॅन्सीच्या जुड्या टांगत. म्हणजे ज्या रोपाच्या वासाने बाकीचे कीटक पळतात, तेच आमच्या या पाचूचे अन्न, घर आणि बाळंतपणाची खोली!

यात एक हिशेब आहे. जे ताट इतरांना नको असते, त्या ताटाला वाटेकरी नसतात. रोपाचे विष पचवण्याची युक्ती एकदा साधली, की पोटाची ददात मिटते. लाखो वर्षे हा हिशेब बरोबर ठरला. पण ज्या वर्षी ते रोपच नाहीसे होते, त्या वर्षी सगळा हिशेब उलटतो.

पायी चालणारा भुंगेरा

या भुंगेऱ्याचे वर्ष कसे जाते, ते समजून घेतले पाहिजे. कारण त्याच्यावरच्या संकटांचे मूळ त्याच्या दिनक्रमातच आहे.

हिवाळा तो जमिनीखाली झोपून काढतो, तोही बहुधा टॅन्सीच्या मुळांपाशीच. वसंत ऋतूत, मार्च-एप्रिलमध्ये, जमीन उबदार झाली की वर येतो, कोवळी पाने खातो, जोडीदार शोधतो. मादी अंडी घालते ती टॅन्सीच्या पानांवर किंवा जवळपासच्या झाडोऱ्यावर. अंड्यांतून अळ्या निघतात, त्याही टॅन्सीचीच पाने खाऊन मोठ्या होतात. उन्हाळा मध्यावर आला की अळ्या जमिनीत उतरतात आणि तिथे कोष करतात. जुलैच्या अखेरीपासून नव्या पिढीचे भुंगेरे वर येतात, थंडी पडेपर्यंत खाऊन घेतात आणि पुन्हा जमिनीखाली जातात. वर्षाला पिढी एकच.

म्हणजे बघा, अंडे, अळी, कोष आणि प्रौढ या चारही अवस्था एका रोपाच्या हातभर परिसरात. सासर-माहेर, शेत-घर सगळे एकाच वाड्यात म्हणावे, तसे!

याहून मोठी अडचण पुढे आहे. या भुंगेऱ्याला पंख आहेत, पण तो उडताना क्वचितच दिसतो. एका झुडुपातून दुसऱ्याकडे जायचे तर तो चक्क पायी जातो. एक सेंटिमीटर लांबीच्या प्राण्याला शे-दोनशे मीटरांचे अंतर म्हणजे केवढा प्रवास, कल्पना करा. मध्ये नांगरलेले शेत आले, रस्ता आला, आखूड कापलेली हिरवळ आली, की त्याची वाट संपलीच. त्यामुळे नदीकाठचे टॅन्सीचे एक बेट नाहीसे झाले, तर तिथले भुंगेरे दुसऱ्या बेटावर जाऊन राहतील, असे गृहीत धरता येत नाही. बहुधा ते तिथेच संपतात. आणि पुढे चार-पाच वर्षांनी तिथे टॅन्सी पुन्हा उगवली, तरी भुंगेरे आपणहून परत येतीलच असे नाही. त्यासाठी शेजारचे वस्ती असलेले बेट जवळ असावे लागते.

एकेकाळी हा भुंगेरा इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी होता. विशेषतः पूर्वेकडच्या केंब्रिजशायर भागातल्या दलदलीच्या प्रदेशात. त्या प्रदेशाला तिकडे फेन म्हणतात. सतराव्या शतकापासून तिथे चर खणून पाणी काढण्याची मोठी कामे सुरू झाली. कॉर्नेलियस व्हर्मायडन नावाच्या डच अभियंत्याचे नाव त्या कामांशी जोडलेले आहे. दलदल हटली, काळीभोर सुपीक जमीन वर आली आणि तो मुलूख इंग्लंडचे धान्याचे कोठार बनला. माणसांचे भले झाले, यात शंका नाही. पण दलदलीबरोबर तिथले रहिवासीही गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस टॅन्सी भुंगेऱ्याचा भरवशाचा ठिकाणा इंग्लंडभरात एकच उरला. तो म्हणजे यॉर्कजवळचा ऊझ नदीचा काठ, तोही जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरांचा पट्टा.

चांगल्या हेतूंचे चार घाव

आता कुणालाही वाटेल, की उरलेल्या या पट्ट्यात भुंगेऱ्याचा कुणी शत्रू असणार. विष टाकणारा, पकडून विकणारा, निदान मुद्दाम चिरडणारा. तसे कुणी नाही. या गोष्टीत खलनायक नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. जे चार घाव त्याच्यावर पडत आले, त्यांतला प्रत्येक कुणाच्या तरी साध्या, समंजस वागण्यातून पडलेला आहे.

पहिला घाव नांगराचा आणि गुरांचा. नदीकाठची जमीन सुपीक. शेतकऱ्याने काठापर्यंत नांगर नेला, तर त्याला दोष कसा द्यायचा? आपल्याकडेही बांध दरवर्षी बोटभर सरकतोच! जिथे नांगर नाही, तिथे गुरे आणि मेंढ्या. ती टॅन्सी आवडीने खात नाहीत, पण जनावरे दाटीने सोडली की कोवळे फुटवे तुडवले जातात आणि भूक लागली की खाल्लेही जातात.

दुसरा घाव गैरसमजाचा. तिकडच्या कुरणांत रॅगवर्ट नावाचे आणखी एक पिवळ्या फुलांचे तण उगवते. ते घोड्यांच्या आणि गुरांच्या पोटात गेले तर यकृत खराब होऊन जनावर मरू शकते. वाळलेल्या चाऱ्यात मिसळले तर जास्तच धोका, कारण वाळल्यावर जनावराला त्याची कडू चव जाणवत नाही. ब्रिटनमध्ये १९५९ च्या तणविषयक कायद्यात रॅगवर्टचे नाव आहे आणि २००३ मध्ये त्यासाठी खास वेगळा कायदाही झाला. त्यामुळे घोडे पाळणारा माणूस कुरणात पिवळी फुले दिसली, की आधी उपटतो. पण टॅन्सीची फुलेही पिवळी, तीही झुपक्याने येणारी. नीट पाहिले तर फरक सोपा आहे. रॅगवर्टच्या फुलाला डेझीसारख्या पाकळ्या असतात, टॅन्सीची नुसती गुंडी. पण हातात फावडे आणि डोक्यावर ऊन असताना फुलाच्या पाकळ्या कोण मोजतो? जनावरांच्या काळजीपोटी टॅन्सी जाते, आणि तिच्याबरोबर भुंगेरेही.

तिसरा घाव स्वच्छतेचा. नदीकाठची पायवाट मोकळी असावी, पुराचे पाणी अडू नये, काठ नीटनेटका दिसावा म्हणून गवत कापले जाते. कापायला हरकत नाही. उलट मधूनमधून कापल्याशिवाय विलोची झाडे माजतात, त्यांची सावली पडते आणि ऊन आवडणारी टॅन्सी खुरटते. प्रश्न फक्त कधी कापायचे, हा आहे. अळ्या पानांवर असताना, म्हणजे मे-जूनमध्ये, यंत्र फिरले, तर त्या वर्षीची पिढीच गवताबरोबर जाते. वर्षाला एकच पिढी असलेल्या प्राण्याला असे एक वर्षही महाग पडते.

आणि चौथा घाव बागेचा. इथे आपला हिमालय येतो.

हिमालयातला तेरडा

तेरडा आपल्या घरचा. पावसाळ्यात कौलांच्या कडेला, कुंपणाशी उगवणारा. गौरीच्या पूजेला अनेक घरांत तेरड्याची रोपे लागतात. कासच्या पठारावर तर त्याच्या जातभाईंचा गुलाबी गालिचा बघायला गर्दी लोटते. त्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फटकन फुटते आणि बिया उडतात. हा खेळ लहानपणी कुणी खेळला नाही? रंग तीन दिवसांचा म्हणून म्हणीत बिचाऱ्याची बदनामी झाली खरी, पण निसर्गात तेरड्याचे घराणे भलतेच चिवट आहे.

याच घराण्यातला एक थोराड भाऊ काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या हिमालयात ओढ्याकाठी, ओलसर उतारांवर वाढतो. दोन-अडीच मीटर उंच, जाड रसरशीत खोड आणि गुलाबी-जांभळी फुले. शास्त्रीय नाव इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. हे नाव दिले जॉन फोर्ब्स रॉइल यांनी. कंपनी सरकारच्या काळात ते सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. १८३९ मध्ये या रोपाचे बी ब्रिटनमध्ये पोचले. देखणे, झटपट वाढणारे आणि बी टाकले की उगवणारे. ज्यांच्याकडे काचेची उबदार घरे नव्हती, त्या साध्या माणसांच्या बागेलाही त्याने शोभा आली. लोकांनी हौसेने शेजाऱ्यांना बी वाटले. त्यात वाईट काय होते?

पण बागेला कुंपण असते, बियांना नसते. एका रोपाला सुमारे ८०० बिया येतात आणि बोंड फुटले की त्या सात मीटरांपर्यंत उडतात. नदीकाठी उगवलेल्या रोपाच्या बिया पाण्यात पडतात आणि प्रवाहाबरोबर थेट खालच्या गावाला जातात. हिमालयात या तेरड्याला खाणारे कीटक आहेत, त्याच्यावर पडणारे रोग आहेत, त्याच्याशी झगडणारी इतर झाडे आहेत. घरच्या माणसांत वचक असतो, तसा. परमुलखात तो वचक नाही. तिथे तो काठच्या काठ व्यापतो. एका उन्हाळ्यात दोन मीटर वाढून खालच्या सगळ्यांचे ऊन अडवतो. टॅन्सी बारमाही रोप, सावकाश पसरणारे. तिला या धावणाऱ्या पाहुण्यापुढे उभे राहता येत नाही. शिवाय हा तेरडा हंगामी असल्यामुळे हिवाळ्यात मरतो. मग काठ उघडाबोडका पडतो आणि पुराच्या पाण्याने मातीही धुपून जाते. त्याच मातीत आमचा पाचू झोपलेला असतो.

नदीकाठचा प्रत्येक रहिवासी पुराला सरावलेला असतो, तसा हा भुंगेराही आहे. ऊझला पूर नवा नाही. २०१५ च्या डिसेंबरात तर यॉर्क शहरातली शेकडो घरे पाण्यात होती. पण काठ धरून ठेवणारी मुळेच उरली नाहीत, तर जुन्या सवयीचा पूरही घातक होतो. एक संकट दुसऱ्याचा हात धरून येते, ते असे.

तीन भावंडे, तीन नशिबे

एकाच घराण्यातल्या भावंडांची नशिबे किती वेगळी निघू शकतात, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या रॉकी पर्वताच्या बाजूला याच घराण्यातला एक पिवळा, काळ्या पट्ट्यांचा भुंगेरा वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका रानटी काटेरी झुडुपावर गुजराण करत होता. माणसांनी तिकडे बटाट्याची लागवड नेली. १८५९ च्या सुमारास नेब्रास्का भागात या भुंगेऱ्याने बटाट्याची चव घेतली आणि त्याचे दिवसच पालटले. १८७४ पर्यंत तो अटलांटिकच्या किनाऱ्यावर पोचला होता, आणि पुढे विसाव्या शतकात युरोपातही पसरला. कोलोरॅडो बटाटा भुंगेरा म्हणून आज तो अर्ध्या जगातल्या शेतकऱ्यांची डोकेदुखी आहे. त्याला माणसाने नकळत ताट वाढून दिले.

दुसरा भाऊ आपल्या ओळखीचा. गाजरगवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत, १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले आणि काही वर्षांत देशभर माजले. अंगाला खाज, दमा, पडीक जमिनींची वाट, सगळे आपण भोगले. त्याच्यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक भुंगेरा बंगलोरला आणला गेला. तो गाजरगवत सोडून दुसरे काही खात नाही ना, याच्या चाचण्या घेऊन १९८४ मध्ये तो मोकळा सोडण्यात आला. आज महाराष्ट्रातही पावसाळ्यात गाजरगवतावर पांढुरक्या पाठीवर तपकिरी नक्षी असलेले हे मेक्सिकन भुंगेरे दिसतात. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून कर्नाटकात बराच गदारोळ झाला होता. आपण त्याला बोलावले ते त्याच्या एकनिष्ठेसाठी, त्यामुळे तिच्याबद्दल शंका येताच सगळे हादरले.

आणि तिसरा आपला टॅन्सीवाला. एकनिष्ठा तीच, पण त्याचे रोप माणसाच्या दृष्टीने ना पिकाचे ना शत्रूचे. म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. जो गुण एका भावाला परदेशचे निमंत्रण मिळवून देतो, तोच गुण दुसऱ्याला घरच्या घरी उपाशी मारतो. नशीब भुंगेऱ्याच्या स्वभावात नसते, ते त्याच्या रोपाकडे माणूस कसा पाहतो यात असते.

मग लोकांनी काय केले?

चांगली बातमी अशी, की यॉर्कच्या लोकांनी हे ओळखले. संशोधक, पालिका, नदीकाठ सांभाळणाऱ्या संस्था, शेतकरी आणि हौशी नागरिक यांनी मिळून या एका भुंगेऱ्यासाठी एक कृती गट उभा केला. त्यांचे उपाय ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल, कारण त्यांत मोठी यंत्रे नाहीत की अफाट खर्च नाही.

पहिले काम मोजणीचे. काठाने पायी चालायचे, टॅन्सीच्या प्रत्येक झुपक्याची नोंद करायची आणि त्यावर भुंगेरे किती, ते मोजायचे. कुठे काय आहे हे कळल्याशिवाय काय वाचवायचे, हेही कळत नाही. दुसरे काम कुंपणाचे. गुरांच्या कुरणात टॅन्सीच्या झुपक्याभोवती साधे तारेचे कुंपण घातले की निम्मे काम होते. तिसरे, जिथे दोन वस्त्यांमध्ये अंतर फार, तिथे मध्ये टॅन्सी लावायची. पायी चालणाऱ्याला वाटेत धर्मशाळा बांधून द्यावी, तसे. चौथे, गवत कापण्याचे वेळापत्रक बदलायचे आणि सगळा काठ एकदम न कापता आलटून-पालटून तुकडे कापायचे. आणि पाचवे, हिमालयातला तेरडा फुले येण्याआधी हाताने उपटायचा. त्याची मुळे उथळ असतात, मुलांच्या हातानेही तो सहज निघतो. शिवाय त्याच्या बिया मातीत फार वर्षे टिकत नाहीत. ओळीने दोन-तीन वर्षे चिकाटीने उपटला आणि नदीच्या वरच्या अंगाने नवे बी आले नाही, तर काठ मोकळा होतो.

तेरड्यावर आणखी एक उपाय चालू आहे आणि त्याचाही धागा आपल्याकडेच येतो. पाहुण्याचा वचक त्याच्या माहेरी शोधावा, या विचाराने ब्रिटिश संशोधकांनी २००६ पासून भारत आणि पाकिस्तानातल्या हिमालयात शोध घेतला. तिथे या तेरड्यावर पडणारी एक तांबेरा बुरशी मिळाली. गव्हावरच्या तांबेऱ्याच्या जातीचीच, पण या तेरड्यावर वाढणारी. इतर झाडांना ती अपाय करत नाही ना, याच्या दीर्घ चाचण्या झाल्यावर २०१४ मध्ये ती ब्रिटनमध्ये सोडण्याची परवानगी मिळाली. पहिला वाण आपल्या कुलू खोऱ्यातून गेलेला होता. तिथल्या सगळ्या तेरड्यावर तो सारखाच लागू पडत नाही असे दिसल्यावर पाकिस्तानातला वाणही नेण्यात आला. एका तीरावरचे दुखणे आणि दुसऱ्या तीरावरचे औषध!

त्याच २०१४ साली आणखी एक आनंदाची गोष्ट घडली. केंब्रिजशायरमधल्या वुडवॉल्टन फेन या राखीव दलदलीत टॅन्सी भुंगेरा पुन्हा सापडला. त्या भागातून तो कायमचा गेला, असे सगळे धरून चालले होते. तिथे तो पाणपुदिन्यासारख्या दलदलीतल्या वनस्पतींच्या आधाराने तगून होता. ही जागा १९१० मध्ये चार्ल्स रॉथशील्ड यांनी विकत घेऊन निसर्गासाठी राखली होती. ते व्यवसायाने बँकवाले आणि हौसेने कीटकांचे अभ्यासक. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने एक दलदल तशीच राहू दिली, म्हणून एका प्राण्याला दुसरे घर मिळाले.

यॉर्कमध्ये आता रेल्वे स्थानकाजवळच्या एका भिंतीवर या भुंगेऱ्याचे भलेमोठे चित्र रंगवलेले आहे. स्टेशनातून बाहेर पडणारी मुले ते पाहून विचारतात, हा कोण? शहराला आपल्या भुंगेऱ्याचा अभिमान वाटू लागला, की फावडे उचलण्याआधी शेतकरीही एकदा फुलाकडे पाहतो.

आपल्या बांधावर

वाचकहो, एका भुंगेऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो अगदी रास्त आहे. हा भुंगेरा परागीकरणाचे मोठे काम करत नाही, पिकावरची कीड खात नाही. तो नाहीसा झाला तर यॉर्कमधल्या कुणाच्याही ताटातली भाकरी कमी होणार नाही.

पण त्याच्याकडे नदीकाठच्या तब्येतीचा कागद म्हणून पाहा. ज्या काठावर टॅन्सी भुंगेरा आहे, तिथे नांगर पाण्यापासून दूर आहे, मुळांनी माती धरून ठेवली आहे, पाहुणे तण माजलेले नाही आणि काठ कापणारा माणूस ऋतू पाहून कापतो. भुंगेरा गेला, तर यांपैकी काहीतरी आधी गेलेले असते. ते गेले की पुढे शेतकऱ्याची मातीही जाते. त्याला वाचवायला जे करावे लागते, त्यातले काहीच शेतकऱ्याच्या मुळावर येणारे नाही. दोन हात रुंदीची एक पट्टी, एक कुंपण, आणि कापण्याचा महिना बदलणे. एवढेच.

आपल्या बांधांवरही असे एका झाडावर जीव टाकून बसलेले जीव आहेत. रुईच्या झुडुपावर पिवळ्या-निळ्या नक्षीचा नाकतोडा बसलेला तुम्ही पाहिला असेल. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्याही रुईचीच पाने खातात. रुई चिकाची, विषारी, गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तीही टॅन्सीसारखीच दुर्लक्षित. मारुतीला शनिवारी तिच्या पानांची माळ लागते, म्हणून निदान गावाजवळ ती टिकून राहते. ज्या झाडाला देवाचा आधार नाही, ते तणनाशकाच्या एका फवाऱ्यात जाते, आणि त्याच्यावर कोण जेवत होते हे कुणी पाहिलेलेही नसते.

बांध साफ करू नका, असे कुणी म्हणणार नाही. शेती करायची तर ते करावेच लागते. पण येत्या पावसाळ्यात विळा किंवा फवारणीचा पंप घेऊन बांधावर गेलात, तर एक काम करा. घरातल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या आणि कापण्याआधी चार रोपांची पाने उलटून पाहायला सांगा. कुणी बसलेले आढळले, तर बांधाचा तेवढा वीतभर तुकडा महिनाभर राहू द्या.